वाडा लांब बसव

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. वडील अंगठा देतात, आई नाव तेवढं गिरवते. अशा घरातल्या मुलाने आपल्या आठवणी लिहाव्यात आणि त्या चार लोकांनी वाचाव्यात अशी अपेक्षा धरावी, हे मला स्वतःलाच जरा जास्त वाटतं. त्यातून विषयही मोठा नाही. खोलीतलं वायफाय सारखं तुटायचं आणि ते का तुटतं हे मी शोधत होतो, एवढाच विषय आहे. पण ते शोधताना मी एका मित्राशी कसा वागलो, हे मला अजून कुणाला तोंडाने नीट सांगता आलेलं नाही. सांगायला गेलो की मी नकळत थोडं बदलून सांगतो, स्वतःला सोयीचं. कागदावर बदल केला की खोडलेलं दिसतं. म्हणून लिहितोय.

खोली आम्हा दोघांची होती. सोलापुरात पूर्व भागात, टॉवेल विणणाऱ्या एका तेलुगू कुटुंबाच्या घरावर. खाली दोन यंत्रमाग. सकाळी ते सुरू झाले की आमच्या फरशीला बारीक थरथर सुटायची आणि ताटलीत ठेवलेला चमचा आपोआप कडेला सरकायचा. घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. मित्र अकलूजचा. मी मंद्रूपच्या पुढच्या एका गावचा. इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गात होतो, संगणक शाखेला.

सामान टाकलं त्या दिवशी अक्कांनी विचारलं, "तुझे नाना काय करतात रे?" नाना म्हणजे वडील, हे मला मित्राने खुणेने सांगितलं. मी म्हणालो, "वडील वाड्यावर असतात."

आमच्यात असंच म्हणतात. मेंढरं घेऊन माणसं रानोरान फिरतात. ज्याच्या शेतात मुक्काम पडेल तिथे जाळी लावून मेंढरं कोंडायची, शेजारी तीन दगडांची चूल, घोड्यावरून आणलेलं चार भांड्यांचं बिऱ्हाड. त्या सगळ्याला वाडा म्हणतात. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. पाऊस संपला की वडील वाडा घेऊन माढ्याच्या बाजूला सरकतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परत फिरतात.

मित्राने मात्र भुवया वर केल्या. "वाडा? आयला, वाड्यातला माणूस का तू!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्याकडे बघून आजवर कुणाच्या चेहऱ्यावर आलेलं नव्हतं.

"दगडी आहे का?"

"साधाच आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. त्याला तो माझा नम्रपणा वाटला. त्या दिवसापासून तो मला 'सरकार' म्हणायला लागला. सरकार, चहा टाकू का? सरकार, अंघोळीला तुम्ही आधी. मी काही बोललो नाही. दीड वर्ष बोललो नाही.

आता हेव्याचं लिहितो, कारण सगळं तिथूनच निघालं. त्याच्याकडे नवा लॅपटॉप होता, मामाने दिलेला, अंधारात बटणं उजळणारा. बिनवायरीचे हेडफोन होते. मोठी हार्ड डिस्क होती, वहीएवढीही जाड नाही, निळसर चमकणारी. माझा संगणक बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला, पंख्याचा आवाज करणारा, आणि त्याला वायफाय घेता यावं म्हणून बोटाच्या पेराएवढा एक डोंगल पुढच्या खाचेत खोचलेला. पण खरं सांगायचं तर मी वस्तूंवर एवढा जळत नव्हतो. मी जळायचो ते रोज संध्याकाळी येणाऱ्या फोनवर. त्याचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. ते फोनवर विचारायचे, "इंटर्नशिपचं काय झालं? मेल चेक केलास का? सीव्हीत तो प्रोजेक्ट वर घे."

इंटर्नशिप, सीव्ही. हे शब्द त्याच्या घरातले होते. माझे वडील फोन करायचे तेव्हा विचारायचे, "जेवलास का? लिहिलंस का?" लिहिलंस का म्हणजे अभ्यास केलास का. मी "व्हय" म्हणायचो. मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही. मागून मेंढरांचा आवाज यायचा आणि मी आवाज कमी करायचं बटण दाबायचो, मित्राला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या एका कंपनीने आमच्या कॉलेजातून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी एकच मुलगा घ्यायचं ठरवलं. पहिली चाचणी ऑनलाइन, मग मुलाखत ऑनलाइन. ज्याला ती मिळेल त्याला पुढे तिथेच नोकरी लागते, असं सरांनी सांगितलं होतं. वर्गात सगळ्यांनी अर्ज केले. आम्ही दोघांनीही केले.

माझं वायफाय तुटायला लागलं ते याच सुमाराला.

सुरुवातीला मी मागांवर संशय घेतला. एवढ्या मोटारी चालतात, काहीतरी होत असणार. मी खाली जाऊन अक्कांना विचारलं, माग थोडा वेळ बंद ठेवता येईल का. त्या मागासाठी सुताची कांडी भरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अय्यो, मागानं काय केलं तुझं? तुझ्या जन्माच्या आधीपासून चालतोय तो. नेट काल आलं. कालच्या पोराला सांग सांभाळून घ्यायला, म्हाताऱ्या मागाला कशाला उठवतोस?"

मित्र जिन्यावर उभा राहून हसत होता. मला ते हसणं लागलं.

मागांच्या सुट्टीच्या दिवशीही नेट तुटलंच. तेव्हा मी एक वही केली. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला खोलीत काय काय चालू होतं ते. पंखा, इस्त्री, अक्कांचा मिक्सर, मित्र. हो, मित्रही लिहिला. तीन आठवडे लिहीत गेलो आणि वही अगदी स्पष्ट बोलायला लागली. मित्र खोलीत नसला की नेट अखंड चालायचं. मित्र आला की पंधरा-वीस मिनिटांत तुटायला लागायचं. पंख्याचा संबंध नव्हता, मिक्सरचा नव्हता. फक्त तो.

आणि त्याचं नेट? त्याच खोलीत, त्याच राउटरवर, मजेत चालायचं. तो पलंगावर पाय पसरून व्हिडिओ बघायचा आणि माझ्या पडद्यावर ते गोल चाक फिरत राहायचं.

राउटर त्याच्या नावावर होता. त्याच्या फोनमध्ये त्याचं ॲप होतं. कुणाचं नेट चालू ठेवायचं, कुणाचं कापायचं, ते त्या ॲपमधून होतं हे आम्ही नेटवर्किंगच्या तासाला शिकलो होतो. शेजारी शेजारी बसून शिकलो होतो.

चाचणीच्या दिवशी माझं नेट दोनदा गेलं. दोन्ही वेळा परत जोडून मी कसाबसा पुढे गेलो. तो वेळेआधी संपवून केळं खात बसला होता. चार दिवसांनी यादी आली. मुलाखतीसाठी तिघं. तिसरा मुलगा दुसऱ्याच दिवशी माघार घेऊन बाहेरगावच्या कोर्सला गेला. उरलो आम्ही दोघं. माझी मुलाखत गुरुवारी सकाळी, त्याची शुक्रवारी अकराला. जागा एक.

आदल्या शनिवारी सरांनी आमची सराव-मुलाखत घेतली. माझ्या वेळी चित्र गोठलं. सर म्हणाले, "ऐकू येतंय का? अरे, तोंड उघडं ठेवून काय बसलायस?" पडद्यावर मी तसाच अडकलो होतो, तोंड उघडं. मित्राला बाजूच्या पलंगावरून ते दिसलं आणि तो खळखळून हसला. मग म्हणाला, "माझं तर मस्त चाललंय बे. सरकार, तुमच्या डोंगलला जुलाब लागलेत."

मी वही काढून त्याच्या अंगावर टाकली.

"वाच."

त्याने दोन पानं चाळली. त्याला आधी कळेना. "हे काय? मी आलो... मी गेलो... माझी हजेरी घेतोस होय?"

"ॲपवरून कोण कापतं माझं नेट?"

त्याने वही मिटून पलंगावर ठेवली. मला वाटलं, सापडला. मग म्हणाला, "तुला असं वाटतं?"

"वहीला वाटतं."

"मी माझी डिस्क तुला रोज देतो. तुझा प्रोजेक्ट माझ्या डिस्कवर आहे. माझ्यापेक्षा जास्त तूच वापरतोस ती. आणि मी तुझं नेट कापेन?"

"जागा एकच आहे."

त्याने डोळे पुसले नाहीत, पण आवाज बदलला. "तुम्हा वाड्यातल्या लोकांना सगळेच चोर दिसतात. बरोबर आहे, सांभाळायला असतं ना तुमच्याकडे. आमच्याकडे काय, कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या. दीड वर्ष मी तुझ्याकडे बघतोय. सातबाऱ्यावर रान असेल, वाडा असेल, तरी हा पोरगा जुन्या डबड्यावर काम करतो, दोन शर्टांवर राहतो, मिरवत नाही. मी घरी सांगायचो, असा पाहिजे माणूस."

त्या क्षणी मला कळलं की तोही माझ्यावर जळत होता. नसलेल्या वाड्यावर. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भांडणात ते एकच माझ्या हातात होतं.

त्याने माझ्या संगणकाला लावलेली हार्ड डिस्क उपसून घेतली, पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीने अकलूजला निघून गेला. जाताना अक्कांना म्हणाला, मुलाखत घरूनच देतो. अक्का मला म्हणाल्या, "भांडलात ना? तोंडं बघा. मागातल्या दोन धोट्यांसारखी, एक इकडे, एक तिकडे."

आणि तो गेल्याबरोबर नेट चालायला लागलं. रविवार, सोमवार, मंगळवार. एकदाही तुटलं नाही. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गेला, आणि सुरू.' खाली दोन रेघा ओढल्या. वर्गात एकाला सांगितलंही. तो म्हणाला, "लई बेरकी निघाला की रे." मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

बुधवारी दुपारी मी कॉलेजच्या लॅबमधून एक हार्ड डिस्क सही करून आणली. माझ्या प्रोजेक्टची एक प्रत लॅबच्या संगणकावर होती आणि मुलाखतीत तो चालवून दाखवायचा होता. माझ्या संगणकात तेवढी जागा नव्हती. डिस्क आणली, पुढच्या खाचेत लावली, डोंगलच्या शेजारी, जशी रोज लावायचो तशी. फाइल उघडली. पाच मिनिटांत ते गोल चाक फिरायला लागलं.

मी राउटरकडे बघितलं. दिवे लागलेले होते. फोनवर नेट चालू होतं. मित्र सव्वाशे किलोमीटरवर होता.

डिस्क काढली. नेट आलं. डिस्क लावली. नेट गेलं. काढली, आलं. लावली, गेलं. मी हे किती वेळा केलं मला माहीत नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला जाणार नाही, आणि मग मित्रच दोषी ठरेल. प्रत्येक वेळी गेलं.

प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून मी मित्राची डिस्क वापरत होतो, आणि मित्र ती रोज बॅगेत घालून कॉलेजला न्यायचा. संध्याकाळी खोलीत आला की बॅगेतून काढून माझ्याकडे द्यायचा, "घ्या सरकार." तो यायचा तेव्हा डिस्क यायची. तो जायचा तेव्हा डिस्क जायची. वहीत मी पंखा लिहिला, इस्त्री लिहिली, अक्कांचा मिक्सर लिहिला, मित्राला लिहिलं. त्याच्या हातातली वस्तू, जी तो मला देत होता, ती मी एकदाही लिहिली नाही.

अशा वेळी नेमका वडिलांचा फोन आला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मागून मेंढरं ओरडत होती. या वेळी मी आवाज कमी केला नाही, ऐकायला कुणी नव्हतं.

"जेवलास का?"

"व्हय."

"लिहिलंस का?"

मला रडू आलं. वडील घाबरले. मी म्हणालो, काही नाही, मशीन बिघडलंय. काय बिघडलंय, असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. एक बारकं यंत्र आहे, ते हवेतून राउटरचं बोलणं ऐकतं. त्याच्या शेजारी दुसरी एक वस्तू लावली की याला ऐकू येईनासं होतं. दोन्ही चांगल्या आहेत. वेगवेगळ्या लावल्या तर काही होत नाही.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् शेजारी कशाला लावतोस?"

"म्हणजे?"

"आरं, दोन वाडं एकाच रानात बसलं की आसंच हुतंय. त्येंच्या मेंढराच्या गळ्यात घुंगरं लई. आपुन हाळी मारतो, आपल्या मेंढराला ऐकूच जात न्हाय. लोकं म्हंत्यात मेंढरू भैरं झालं. भैरं न्हाय झालं. घुंगराचा दणका हाय तितं. त्येंचंबी मेंढरू वाईट न्हाय, आपलंबी न्हाय. आपुन काय करायचं? वाडा लांब बसवायचा. एक बांध सोडून बसव की."

मग म्हणाले, "हितं रेंज जातीया, ठिवतो."

मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की वडील जे म्हणाले ते अगदी तसंच आहे. हार्ड डिस्कसाठी ज्या नव्या जलद खाचा असतात, ज्यांच्या आतली पट्टी निळी असते, त्या आणि त्यांची वायर चालू असताना एक अदृश्य गोंगाट करतात. तो गोंगाट आणि माझ्या जुन्या डोंगलचं वायफाय लहरींच्या एकाच पट्ट्यातलं. बिनवायरीचे माउस, हेडफोन, तेही त्याच पट्ट्यात. मित्राचा लॅपटॉप राउटरशी वरच्या दुसऱ्या पट्ट्यावर बोलायचा, म्हणून त्याला काही व्हायचं नाही. उपाय सोपे होते. डिस्क मागच्या जुन्या काळ्या खाचेत लावायची, थोडी हळू चालते पण गोंगाट करत नाही. किंवा डोंगलला हातभर लांब वायर जोडून तो दूर न्यायचा. मी दोन्ही केलं. डोंगल खिडकीजवळच्या खिळ्याला टांगला, जिथे मित्र टॉवेल वाळत घालायचा. नेट असं चाललं की जणू कधी तुटलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी मुलाखत झाली. पाऊण तास एकदाही आवाज तुटला नाही. मी अडखळलो, दोन उत्तरं चुकलो, पण प्रोजेक्ट नीट चालला. शेवटी त्यांनी विचारलं, एखादी अडचण कशी सोडवलीत ते सांगा. मी डिस्कची गोष्ट सांगितली. वडिलांची घुंगरंही सांगितली. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मित्राचं मी सांगितलं नाही.

आता मी गुरुवारच्या दुपारबद्दल लिहितो. माफी खरं तर यासाठी मागायची होती.

दुपारी मी मित्राला मेसेज लिहिला. माझं चुकलं, नेट तू कापत नव्हतास. आणि वाड्याचंही लिहिलं. आमचा वाडा म्हणजे जाळीत कोंडलेली मेंढरं, वडील मेंढपाळ आहेत, मी दीड वर्ष तुला फसवलं. पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. आधी नुसता हसण्याचा आवाज. हसता हसता त्याला ठसका लागला.

"म्हणजे मेंढरं? आरं मग दीड वर्ष मी कुणावर जळत होतो?"

"मेंढरांवर."

"सरकार, मेंढरं किती आहेत ते तरी सांगा. काहीतरी मोठं असू द्या बे!" मागून त्याच्या आईचा आवाज आला, काय झालं म्हणून. तो ओरडला, "आई, सरकारचा वाडा चरायला गेलाय!"

आम्ही बराच वेळ बोललो. माझी मुलाखत कशी झाली ते त्याने विचारलं. प्रश्न काय काय आले ते मी सांगितलं. मग तो म्हणाला, "मला उद्या घरच्या नेटवर रडायचंय. इथे डिस्क लावून प्रोजेक्ट उघडला की हेडफोनमधून नुसती खरखर येते. आमच्या घरचं नेटच फालतू."

डिस्क. हेडफोन. खरखर. मला एका क्षणात सगळं समजलं. त्याचे हेडफोनही त्याच पट्ट्यातले, आणि तो डिस्क लॅपटॉपला लावून त्याच्याच पुढ्यात बसणार. नुसतं म्हणायचं होतं, डिस्क लांब ठेव, नाहीतर वायरीचे हेडफोन लाव.

मी म्हणालो, "होईल रे नीट."

मागून त्याचे वडील म्हणत होते, "सीव्हीची प्रिंट समोर ठेव. कॅमेऱ्यात बघून बोल." ते मला ऐकू आलं. मी नंतर स्वतःला सांगितलं की गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. तो माणूस त्याच्यामागे उभा होता आणि माझ्यामागे कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, एवढी एक गोष्ट तरी माझी असू दे. हे घुंगरांचं गुपित माझ्या बापाने मला दिलंय.

शुक्रवारी सकाळी उठलो ते फोन हातात घेऊनच. दहा वाजता मेसेज लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला. अकराला पंधरा मिनिटं कमी असताना पाठवला: 'डिस्क काढून टाक किंवा लॅपटॉपपासून लांब ठेव, खरखर तिच्यामुळेच आहे. वायरीचे हेडफोन असतील तर ते लाव.' दोन टिक आल्या. निळ्या झाल्या नाहीत. अकरा वाजले, बारा वाजले, निळ्या झाल्या नाहीत. संध्याकाळी मी फोन करून विचारलं तर तो म्हणाला, ठीक झालं, बघू.  मेसेजचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी बोलावून सांगितलं, जागा मला मिळाली. पाठीवर थाप मारली. वडिलांना फोन केला, त्यांनी विचारलं, "म्हंजे आता रोज लिहायचं का?" मी "व्हय" म्हणालो. अक्कांनी गोड काहीतरी केलं होतं. मी खाल्लं. मी स्वतःला सांगत होतो की त्याने मेसेज वेळेत बघितला नाही. फोन बंद ठेवला असणार, मुलाखतीच्या आधी सगळे ठेवतात. मी पाठवला होता, एवढं तरी मी केलं होतं. त्या दोन करड्या टिकांवर मी तीन आठवडे काढले.

मुलाखतीनंतर तो अकलूजलाच राहिला होता, सत्र संपत आलं तेव्हा सामान न्यायला आला. पुढच्या वर्षी तो हॉस्टेलला जाणार होता. माझं अभिनंदन केलं, मनापासून केलं असं मला वाटलं. गादी गुंडाळताना खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला डोंगल त्याला दिसला. त्याने तो बोटाने हलवला.

"हाच का तो लांब बसवलेला वाडा?"

मी मान हलवली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझी मुलाखत... मी मेसेज केला होता. तुला उशिरा दिसला असेल."

तो गादीला दोरी बांधत होता. गाठ मारली, ओढून बघितली.

"उशिरा नाही. आला तेव्हाच नोटिफिकेशनमध्ये वरच्या वर वाचला, उघडला नाही. मुलाखतीत आवाज तुटतच होता, त्यांनी तीन वेळा विचारलं, तुम्ही आहात का म्हणून."

"मग डिस्क का नाही काढलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वही वाचताना बघितलं होतं तसं.

"गुरुवारी आपण तासभर बोललो. खरखरीचं मी स्वतः तुला सांगितलं. तेव्हा तू काही बोलला नाहीस. आणि शुक्रवारी, पंधरा मिनिटं राहिलेली असताना, डिस्क काढ म्हणतोस. प्रोजेक्ट सगळा तिच्यावर. मला वाटलं, तू मला गंडवतोयस. गुरुवारी म्हणाला असतास ना, तर मी काढली असती."